टेक लॉग आधी, सीटचं कातडं नंतर

वाचकांचे प्रश्न, कॅप्टनची उत्तरं

गेल्या महिन्यात चार्टर विमानांवर चार ओळी लिहिल्या आणि टपाल त्याच विषयाने भरून गेलं. म्हणून या वेळी सगळी जागा मध्यम आकाराच्या बिझनेस जेटना. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की मी मुंबईतून 19 वर्षं चार्टर विमानं उडवली. त्यातली 11 वर्षं हॉकर 800एक्सपी आणि शेवटची 4 सायटेशन एक्सएलएस. राहते विलेपार्ले पूर्वेला. मुंबई विमानतळाच्या कालिन्याकडच्या गेट नंबर 8 मधून इतक्या पहाटे आत शिरले आहे की तिथला चहावाला आजही मला कॅप्टन मॅडम म्हणूनच हाक मारतो. खाली लिहिलंय ते माझं आणि माझ्याबरोबर उडालेल्या माणसांचं मत आहे. विमान विकणाऱ्याचं नाही.

प्रश्न : आमचा चिंचवडला वाहनांचे सुटे भाग बनवायचा कारखाना आहे. भागीदाराच्या डोक्यात जुनं हॉकर 800एक्सपी घ्यायचं आहे. दलाल म्हणतो, इतक्या पैशांत एवढी मोठी केबिन दुसरीकडे मिळणार नाही. ओळखीच्या दोन पायलटना विचारलं. एक म्हणाला, 'रणगाडा आहे, डोळे मिटून घ्या.' दुसरा म्हणाला, 'हात लावू नका.' आम्ही कोणाचं ऐकायचं? – एक उद्योजक, चिंचवड

उत्तर : दोघंही खरं बोलले. पहिला विमानाच्या हाडापेराबद्दल बोलत होता, दुसरा त्याच्या औषधपाण्याबद्दल.

आधी हाडं. हॉकरचं घराणं जुनं आहे. मूळचं डी हॅविलंड 125 इंग्लंडमध्ये 13 ऑगस्ट 1962 ला पहिल्यांदा उडालं, 800 ची मालिका 1983 मध्ये आली, 800एक्सपी 1995 मध्ये. कारखान्यावरच्या पाट्या बदलत गेल्या, बांधणीचं वळण तेच राहिलं. 'रणगाडा' हा शब्द उगाच पडलेला नाही. 1988 च्या ऑगस्टमध्ये बोट्सवानाच्या राष्ट्राध्यक्षांना घेऊन जाणाऱ्या 125-800 वर अंगोलाच्या आकाशात लढाऊ विमानाने क्षेपणास्त्र डागलं. उजवं इंजिन तुटून पडलं. राहिलेल्या इंजिनावर वैमानिकाने विमान खाली आणलं. राष्ट्राध्यक्ष जखमी झाले, पण वाचले. दुसरी घटना 28 ऑगस्ट 2006 ची, अमेरिकेतल्या नेवाडाची. उतरायला निघालेलं 800एक्सपी एका ग्लायडरवर आदळलं. नाक फाटलं, समोरचं पॅनल वैमानिकाच्या अंगावर आलं, एक इंजिन बंद पडलं. कार्सन सिटीला ते पोटावर उतरवलं आणि आतली पाचही माणसं जिवंत बाहेर आली. ग्लायडरचा पायलटही पॅराशूटने उतरला. या दोन गोष्टी हॉकर उडवणारा प्रत्येक जण शिकताना ऐकतो, मीही ऐकल्या. गडगडणाऱ्या ढगातून जाताना त्या आठवल्या की बरं वाटतं, हेही खरं.

पण आघात सोसणं वेगळं आणि सकाळी सातला ठरल्या वेळी निघणं वेगळं. तुमची मीटिंग दिल्लीला अकराला असेल, तर क्षेपणास्त्र सोसणारं विमान तुमच्या काय कामाचं? एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज आणि थंड हवा देणारं शेपटीतलं छोटं इंजिन, सुरू होणारं विमान तुम्हाला हवं आहे.

उडवायला हॉकर कसं आहे, तर प्रामाणिक. वजन उचलतं. टाक्या काठोकाठ भरल्या तरी सहा-सात माणसं बसवता येतात. या आकाराच्या बऱ्याच विमानांत तेल भरलं की माणसं उतरवावी लागतात, म्हणून पायलट लोक हॉकरवर खूश. पल्ला साडेचार हजार किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे मुंबईहून दिल्लीला जाऊन तिथे तेल न भरता परत येता येतं. लंडनला मात्र वाटेत उतरावंच लागेल, दलाल काहीही सांगो. कागदावर 41,000 फुटांपर्यंत जायची परवानगी आहे. पण मे महिन्यात भरल्या वजनाने सांताक्रूझहून उडून थेट 41,000 मागणारा पायलट मी पाहिलेला नाही. आम्ही 37,000 ला थांबायचो, तासाभराचं तेल जळलं की मग वर. हनीवेलची टीएफई731-5बीआर इंजिनं, प्रत्येकी 4,660 पौंडांचा जोर. बारा हजार सातशे किलोच्या विमानाला ती पुरतात, उरत नाहीत.

हाताला ते जड आहे. कंट्रोल सगळे केबलवर, मधे हायड्रॉलिकची मदत नाही. पावसाळ्यात शेवटच्या हजार फुटांत आडवा वारा सुटला की दोन्ही दंडांना कळतं. त्याच्या बदल्यात विमान तुमच्याशी खोटं बोलत नाही. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे रडर बायस. रडर म्हणजे शेपटीवरचं सुकाणू. एक इंजिन गेलं की दोन्ही इंजिनांकडून येणाऱ्या हवेच्या दाबात फरक पडतो आणि त्या फरकावर रडर आपोआप योग्य बाजूला ढकलला जातो. पहिल्यांदा सिम्युलेटरमध्ये इन्स्ट्रक्टरने टेकऑफला इंजिन कापलं, तेव्हा माझ्या पायाने ठरवायच्या आत पेडल सरकलं होतं. तुमचं काम संपत नाही, पाय लावावाच लागतो. पण पहिला एक सेकंद विमान तुम्हाला उसना देतं, आणि तिथे सेकंद मोलाचा असतो.

आता औषधपाणी. इंजिनांना ठरावीक तासांनी दोन मोठ्या तपासण्या असतात, एमपीआय आणि सीझेडआय. दुसरीत इंजिनाचा गाभाच उघडतात. विमान स्वस्त मिळतंय याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की सीझेडआय तोंडावर आली आहे आणि मालकाला तो खर्च तुमच्या गळ्यात घालायचा आहे. इंजिनं हनीवेलच्या एमएसपीवर आहेत का, म्हणजे उडलेल्या तासामागे पैसे भरून देखभाल कंपनीकडे सोपवली आहे का, हा माझा पहिला प्रश्न असेल. नसतील, तर किंमत ऐकायच्या आधी उठून या.

दुसरं, कॅलेंडरच्या तपासण्या. त्या महिने मोजून येतात, विमान उडो वा उभं राहो. कमी उडालेलं जुनं विमान लोकांना कमी वापरलेल्या मोटारीसारखं वाटतं. तसं नसतं. उभं विमान सील सुकवतं, ओलावा धरतं. आणि मुंबईत उभं राहणं म्हणजे खारा वारा आणि चार महिने पाऊस. हँगर मिळाला नाही तर ते कालिन्याला उघड्यावर, मिठी नदीच्या दमट हवेत उभं राहील. गॅली, म्हणजे विमानातलं स्वयंपाकघर, आणि टॉयलेट यांच्याखालची जमीन उचलून बीम बघितल्याशिवाय सही करू नका. माझ्या ओळखीच्या एका मालकाने नवं गुलाबी कातडं बघून विमान घेतलं आणि पुढचे सात महिने त्याच जमिनीखालची गंजलेली पट्टी बदलण्यात घालवले.

तिसरं, कारखाना. हॉकर बनवणारी कंपनी मे 2012 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि नवी हॉकर बनणं थांबलं. पुढे 2014 पासून सगळं टेक्स्ट्रॉन या अमेरिकी कंपनीकडे आलं, त्यामुळे सुटे भाग मिळतात. पण मिळणं आणि उद्या सकाळपर्यंत मुंबईत, कस्टममधून सुटून, इंजिनिअरच्या हातात येणं यात अंतर आहे. आम्ही ज्याला एओजी म्हणतो, म्हणजे विमान जमिनीला खिळलेलं, ते माझ्या अनुभवात इंजिनाने क्वचित झालं. झालं ते विंडस्क्रीनच्या हीटरने, दाराच्या सीलने, इंधन मोजणाऱ्या प्रोबने, आणि एपीयूने. एप्रिलच्या दुपारी एपीयू बसला की केबिन भट्टी होते आणि पाहुणे दारातूनच मागे फिरतात.

म्हणून बघायचं ते टेक लॉग, म्हणजे विमानाचे बिघाड आणि दुरुस्त्या लिहायची वही. गेल्या दोन वर्षांचे मागा. एकच स्नॅग, म्हणजे बिघाड, पुन्हा पुन्हा लिहिलेला आहे का बघा. 'तपासलं, ठीक आढळलं' हा शेरा एकाच दोषाखाली चार वेळा दिसला, तर तो दोष दुरुस्त झालेला नाही, तो थकून गप्प बसला आहे. एमईएलवर ढकललेले दोष बघा. एमईएल म्हणजे कोणता दोष असतानाही ठरावीक दिवस उडता येतं त्याची यादी. बी वर्गातला दोष तीन दिवसांत आणि सी वर्गातला दहा दिवसांत निकाली काढायचा असतो. नवव्या-दहाव्या दिवशीच सगळी दुरुस्ती होत असेल, तर ती संस्था पैशाच्या ओढाताणीत आहे. आणि लॉग अगदीच कोरा असेल तर जास्त सावध राहा. वर्षभर उडालेल्या जुन्या विमानात काहीच बिघडलं नाही, असं होत नाही. कोणीतरी लिहू दिलेलं नसतं.

सायटेशन एक्सएलएसशी तुलना तुमच्या पत्रात नाही, पण करायला हवी. ते हॉकरहून हलकं, पल्ला कमी, पण सामानाला मागे बाहेरून उघडणारा मोठा कप्पा. हॉकरमध्ये बॅगा केबिनमध्येच पुढे रचाव्या लागतात, आणि लग्नाच्या बॅगांसह आठ माणसं आली की माझा कोपायलट घामाघूम व्हायचा. एक्सएलएसची चाकं लवचीक जोडाची, त्यामुळे उतरताना कोणीही पायलट कुशल वाटतो. रोजच्या वक्तशीरपणात मला ते उजवं वाटलं. मन मात्र हॉकरमध्ये आहे, ते लपवत नाही.

तुमच्यासाठी माझा हिशोब सरळ आहे. वर्षाला दीडशे तासही उडणार नसाल तर घेऊ नका, चार्टर करा. उडणार असाल, तर एमएसपीवरचं, ताज्या सीझेडआयचं, हँगरमध्ये वाढलेलं हॉकर घ्या आणि खरेदीआधीची तपासणी दलालाने सुचवलेल्या ठिकाणी करू नका.

प्रश्न : वडिलांना उपचारासाठी चार्टर विमानाने मुंबईला आणलं. उतरल्यावर पाहिलं तर पंखाच्या पुढच्या कडेतून काहीतरी चिकट गळत होतं. विमान गळकं होतं का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही, घाबरू नका. ते हॉकर असणार. बाकीची बरीच जेट पंखांची कड इंजिनाच्या गरम हवेने तापवून बर्फ टाळतात. हॉकर जुन्या इंग्रजी पद्धतीने पंखांना ग्लायकोलचा घाम आणतं. पुढच्या कडेला टायटॅनियमची पट्टी असते, तिला डोळ्यांना जेमतेम दिसतील इतकी बारीक छिद्रं, त्यातून द्रव पाझरून पंखावर पसरतो. याला टीकेएस म्हणतात. बोट लावलं तर पातळ काकवीसारखं लागतं आणि दुपारपर्यंत त्यावर अॅप्रनची, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेची, सगळी धूळ बसते. माझ्या पांढऱ्या शर्टांच्या बाह्यांवरचे डाग आईच्या हयातीत कधी निघाले नाहीत.

हा द्रव बर्फ होऊ देत नाही, झालेला बर्फ काढायला तो कमी पडतो. म्हणून ढगात शिरायच्या आधी सुरू करावा लागतो. मुंबईच्या जमिनीवर तीस अंश असले तरी जुलैत वीस हजार फुटांवरच्या ढगात तापमान शून्याखाली असतं. तुमच्या वैमानिकांनी तो वेळेवर सुरू केला होता, एवढाच त्या गळण्याचा अर्थ.

पण या पट्टीची एक बाजू चिंचवडच्या वाचकांनीही वाचावी. देखभालीसाठी ती कड काढून परत बसवली की पंखाची धार केसभर बदलू शकते, आणि तेवढ्याने विमान कोणत्या वेगाला आणि कसं स्टॉल होतं, म्हणजे वेग कमी पडून पंखांची उचल कशी जाते, ते बदलतं. त्यामुळे त्यानंतर हवेत जाऊन प्रत्यक्ष स्टॉल करून बघावा लागतो. ही चाचणी साधी नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये अमेरिकेत युटा राज्यात देखभालीनंतरच्या अशाच चाचणीच्या उड्डाणात हॉकर 900एक्सपी कोसळलं आणि दोन्ही वैमानिक गेले. हे काम रोज चार्टर उडवणाऱ्या पायलटचं नाही. उंची भरपूर, दिवस स्वच्छ, पंख कोरडे, आणि हे आधी केलेला माणूस डाव्या सीटवर. मालकाने 'जाता जाता करून टाका' म्हटलं, तर नाही म्हणायचं. मला एकदा तसं म्हटलं गेलं होतं. मी किल्ल्या टेबलावर ठेवून घरी आले. पुढच्या आठवड्यात बाहेरून टेस्ट पायलट बोलावला.

प्रश्न : माझा मुलगा 24 वर्षांचा आहे. कर्ज काढून सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, केलं. मोठ्या एअरलाइनकडून बोलावणं नाही, एका चार्टर कंपनीत कोपायलटची नोकरी मिळते आहे. घरात सगळे खूश, मला झोप नाही. ही छोटी विमानं मोठ्यांइतकी सुरक्षित असतात का? – एक आई, डोंबिवली

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. माझी आईही पार्ल्याच्या घरात मी उतरल्याचा फोन येईपर्यंत भात लावायची नाही.

विमान छोटं असल्याने धोका वाढत नाही. दोन इंजिनं असतात, दोन पायलट असतात, एका इंजिनावर चढायची अट मोठ्या विमानाइतकीच कडक असते. शंभर मीटर पुढे गेल्यावर किमान 2.4 मीटर वर गेलंच पाहिजे, तेही एक इंजिन बंद असताना. फरक भोवतालच्या माणसांत असतो. एअरलाइनमध्ये वैमानिकामागे डिस्पॅच, हवामान, इंजिनिअरिंग, वेळापत्रक अशी फौज उभी असते. चार्टरमध्ये कधीकधी ती सगळी फौज म्हणजे एक मॅनेजर आणि त्याचा मोबाइल.

एक उदाहरण देते, जे मी प्रत्येक नव्या कोपायलटला सांगत आले. 19 सप्टेंबर 2008, अमेरिकेतलं कोलंबिया शहर. लिअरजेट 60, हेही मध्यम आकाराचंच. टेकऑफच्या धावेत टायर फुटले. वैमानिकांनी थांबायचा निर्णय ज्या वेगापर्यंत घ्यायचा असतो त्याच्यापुढे गेल्यावर ब्रेक लावले. टायरच्या तुकड्यांनी चाकांजवळचे सेन्सर तुटले, त्यामुळे उलटा जोर मागितला असताना इंजिनांनी पुढचा जोर दिला. सहापैकी चार जण गेले. तपासात निघालं काय, तर टायरमध्ये हवा कमी होती आणि सुमारे तीन आठवडे कोणी ती मोजलीच नव्हती. त्या विमानाचे टायर दिवसाला साधारण दोन टक्के हवा सोडतात. नुसत्या डोळ्यांनी ते कळत नाही, गेज लावावाच लागतो.

मला आमचे जुने इंजिनिअर आठवतात. पहाटे चारला टॉर्च तोंडात धरून, गुडघ्यावर बसून ते प्रत्येक चाकाला गेज लावायचे आणि आकडा मोठ्याने सांगायचे, मी लिहायचे. मग इंजिन ऑइलचा थेंब दोन बोटांत चोळून वास घ्यायचे. कोणी बघत नसलं तरीही. अकरा वर्षांत एकदाही त्यांनी 'कालच बघितलं होतं' म्हटलं नाही. ते निवृत्त झाले त्या दिवशी मला घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं.

तर तुमच्या मुलाला पगारापेक्षा आधी हे विचारायला सांगा. टायरची हवा रोज कोण मोजतं आणि ते कुठे लिहितात? सिम्युलेटर वर्षातून किती वेळा आणि कोणत्या विमानाचा? घरच्या तळापासून दूर असताना स्नॅग आला तर लिहायचा की मुंबईला आणून लिहायचा? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा माणूस हसला किंवा 'बघू, परिस्थितीनुसार' म्हणाला, तर ती नोकरी घेऊ देऊ नका. हे मी अनुभवाने सांगते. एका मालकाच्या मॅनेजरने मला रात्री नऊ वाजता फोनवर सांगितलं होतं, 'मॅडम, आज नका लिहू, उद्या मुंबईत लिहा.' डाव्या ब्रेकचा अँटीस्किड होता तो, म्हणजे चाक घसरू न देणारी यंत्रणा, आणि मुंबईत पाऊस लागलेला होता. मी लिहिलं. विमान दोन दिवस तिथेच राहिलं. महिनाभराने माझी नोकरी गेली, आणि त्यानंतर मिळाली ती पहिलीपेक्षा चांगली होती.

उत्तरं समाधानाची मिळाली, तर जाऊ द्या त्याला. लहान विमानात मुलगा लवकर तयार होतो. बॅगा उचलेल, तेल भरून घेईल, हवामान स्वतः वाचेल, आज शिर्डी, उद्या दिल्ली, परवा कधी नाव न ऐकलेली धावपट्टी. आणि पहिले सहा महिने उतरल्यावर फोन करायचं त्याच्याकडून वचन घ्या. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, मीही करायचे.

प्रश्न : मी नरिमन पॉइंटच्या एका कंपनीत साहेबांची सचिव आहे. गेल्या जुलैत त्यांचं चार्टर मराठवाड्यातल्या एका लहान विमानतळावर उतरणार होतं. दोन घिरट्या घालून वैमानिकांनी विमान छत्रपती संभाजीनगरला नेलं. साहेबांना पुढे तीन तास गाडीने जावं लागलं. त्यांचं म्हणणं, पाऊस थांबला होता, धावपट्टी दिसत होती, पायलट घाबरट होता. धावपट्टी 1,700 मीटरची होती असं नंतर कळलं. खरंच उतरता आलं नसतं? – एक वाचक, मुंबई

उत्तर : साहेबांना हे उत्तर वाचायला द्याच.

पाऊस थांबणं आणि धावपट्टी सुकणं यात तासाचं अंतर असतं. समजा त्या दिवशीच्या वजनाला विमानाच्या पुस्तकाप्रमाणे थांबायला 900 मीटर लागत होते. हे 900 कोरड्या धावपट्टीवर, नव्या ब्रेकवर, टेस्ट पायलटने काढलेले. चार्टरला निघताना नियम असा की उपलब्ध लांबीच्या 60 टक्क्यांत विमान थांबलं पाहिजे. म्हणजे 900 साठी 1,500 मीटर हवेत. धावपट्टी ओली असेल तर आणखी 15 टक्के, म्हणजे 1,725. तुमच्याकडे 1,700 होते. मुंबईची मोठी धावपट्टी जवळपास साडेतीन हजार मीटरची आहे, तिथे रोज उतरणाऱ्या प्रवाशाला हा पंचवीस मीटरचा हिशोब कंजूषपणाचा वाटतो. निघताना अंदाज कोरडा असेल म्हणून ते निघाले. पोचल्यावर पाणी दिसलं, कदाचित वाराही पाठीमागून होता, म्हणून त्यांनी हिशोब पुन्हा मांडला. दोन घिरट्या त्यासाठीच होत्या.

31 जुलै 2008 ला अमेरिकेत ओवाटोना नावाच्या छोट्या गावी एक हॉकर 800 उतरत होतं. धावपट्टी सुमारे 1,676 मीटर, म्हणजे तुमच्या विमानतळाएवढीच. वादळ नुकतंच पुढे गेलेलं, जमीन ओली, वारा पाठीमागून. चाकं टेकली. हॉकरमध्ये चाकं टेकली की लिफ्ट डंप नावाचा दांडा ओढतात. पंखांच्या मागच्या कडेचे फ्लॅप 75 अंशांपर्यंत पडतात, एअरब्रेक पूर्ण उघडतात, पंखांची उचल मोडते आणि वजन चाकांवर बसतं. ते कॅप्टनने केलं, पण काही सेकंद उशिरा. मग विमान थांबत नाही असं वाटून, बरीच धावपट्टी मागे गेल्यावर, त्याने पुन्हा उडायचं ठरवलं. विमान उडालं नाही. आठही जण गेले. थांबायचा प्रयत्न सोडला नसता तर विमान धावपट्टीच्या टोकाबाहेर गेलं असतं, पण संथ वेगाने.

या घटनेनंतर मी एक नियम स्वतःला घालून घेतला आणि शेवटपर्यंत पाळला. पावसात परत फिरायचं तर चाकं टेकायच्या आधी. डंप ओढला की पुन्हा उडायचा विचारही नाही. आणि हा निर्णय पंधरा किलोमीटर आधी, कोपायलटशी मोठ्याने बोलून घ्यायचा. एका जुलैत मुंबईच्या 27 नंबरच्या धावपट्टीकडे येताना घाटकोपरच्या वर आमच्यासमोर पावसाची अशी भिंत आली की वायपरचा आवाजही ऐकू येईना. चारशे फुटांवर मी जोर दिला आणि अहमदाबाद गाठलं. मागे बसलेले गृहस्थ उतरेपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. अहमदाबादच्या टर्मिनलमध्ये त्यांच्या बायकोने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि तशीच उभी राहिली. मला त्या दिवशी कळलं की मागेही कोणीतरी खिडकीतून तेच बघत होतं.

तुमच्या हातात असलेली एक गोष्ट सांगते. पावसाळ्यात बुकिंग करताना आदल्या संध्याकाळी ऑपरेटरला विचारा की पर्यायी विमानतळ कोणता धरला आहे. तिथेही एक गाडी सांगून ठेवा, ड्रायव्हरचा नंबर सकाळी वैमानिकांना द्या आणि साहेबांच्या कार्यक्रमात दोन तास मोकळे ठेवा. माझ्या एका जुन्या पाहुण्यांची सचिव हे न चुकता करायची. ती चिठ्ठी हातात पडली की माझे खांदे सैल व्हायचे, कारण मग मला फक्त ढग आणि धावपट्टीच बघायची असायची.